वाढणाऱ्याचं पान

आमच्या आळीतल्या मठाकडून दर गुरुवारी पेणच्या सरकारी दवाखान्यात गुरगुट्या भात जातो. मऊ, पळीवरून ओघळणारा भात, वर मुगाचं वरण आणि लिंबाच्या लोणच्याची एक फोड. पेशंटला दवाखान्याचं जेवण मिळतंच. हा भात पेशंटजवळ बसलेल्या माणसासाठी असतो. गडब, जोहे, हमरापूरकडून आलेली माणसं रात्र-रात्र स्टुलावर काढतात आणि स्वतःच्या पोटाचं विसरतात. मठात पूर्वी राहणारे बाबा तापाच्या साथीत घरोघर असा भात देत फिरायचे, तेव्हापासूनची ही पद्धत, असं सांगतात. खरं-खोटं मला माहीत नाही. माझ्या लहानपणी ती होती, एवढं मी पाहिलेलं आहे.

भाताचे काही नियम होते. जो ताट पुढे करेल त्याला वाढायचं, गाव-घर विचारायचं नाही. भात संपला तरी ‘संपला’ म्हणायचं नाही, ‘वाढला’ म्हणायचं. बांगडी फुटली की वाढली म्हणतात, तसंच. आणि वाढणाऱ्याने सगळ्यांच्या शेवटी, त्याच रांगेत बसून, त्याच भाताचे निदान चार घास खायचे. म्हणून जेवढी माणसं, त्यापेक्षा एका माणसाचा भात जास्त शिजायचा. त्याला ‘वाढणाऱ्याचं पान’ म्हणायचे. पानं जाऊन स्टीलची ताटं आली, तरी शब्द तोच राहिला.

मी या कामात अकरा वर्षांपूर्वी आलो. मी रोह्याला एका कंपनीत स्टोअरला आहे. आलेला माल, गेलेला माल, शिल्लक माल, हे माझं रोजचं काम. मठात तेव्हा सगळं अंदाजाने चालायचं. एका गुरुवारी पातेलंभर भात गाईंपुढे जायचा, दुसऱ्या गुरुवारी शेवटची सहा माणसं लोणचं चाटत परत जायची. मी माणशी ऐंशी ग्रॅम तांदूळ ठरवला. गुरुवारी सकाळी नऊ वाजता सगळ्या वॉर्डांतून फिरायचं, पेशंटजवळची माणसं मोजायची आणि मठात फोन करून आकडा सांगायचा. आकडा गुणिले ऐंशी. तांदूळ वजन करूनच डब्यातून निघायचा आणि वहीत दोन रकाने असायचे: शिजवला किती माणसांचा, जेवले किती.

दुसऱ्या वर्षी मी वाढणाऱ्याचं पान काढून टाकलं.

मठात स्वयंपाक करणाऱ्या काकींना ते आवडलं नाही. त्या माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या, पण मला भाऊ म्हणतात.

“भाऊ, ते पान कदी कुनी काढलं नाय.”

“वाढणारा कोण?” मी विचारलं.

“तुमी.”

“मी जेवतो का? मला दुपारच्या गाडीने रोह्याला जायचं असतं. तीनची शिफ्ट. मग दर आठवड्याला ते पान कुणाचं?”

“देवाचं समजा.”

“देवाचा नैवेद्य आपण आधीच काढतो. तो ऐंशी ग्रॅममध्ये धरलेला नाही, वेगळा धरलाय.”

काकींनी माझ्या बायकोकडे पाहिलं. ती गुरुवारी सकाळी मठात तांदूळ निवडायला, धुवायला असायची. ताटातून मान वर न करता ती म्हणाली, “त्यांचं बरोबर आहे काकी. काढून टाका.”

तिने माझी बाजू घेतली, असं मी समजलो.

त्यानंतरची नऊ वर्षं भात कधी उरला नाही आणि कधी कमी पडला नाही. मी रांग अर्धी-अधिक वाढून स्टेशनवर जायचो. पुढचं वाढप बायको आणि काकी करायच्या. शुक्रवारी सकाळी चहाच्या वेळी मी विचारायचो, “काल उरलं?” ती म्हणायची, “नाही.” “कमी पडलं?” “नाही.” मी वहीत दोन्ही रकान्यांत तोच आकडा लिहायचो. मठाच्या वार्षिक बैठकीत मी एकदा ही वही वाचून दाखवली होती. लोकांनी माना डोलावल्या होत्या.

यंदा पावसाळ्यानंतरच्या एका सोमवारी सकाळी बायको गच्चीत कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातून चिमटा पडला. तो उचलायला ती वाकली आणि तशीच बसली. मी खालून दोन हाका मारल्या. वर गेलो तेव्हा तिचा उजवा हात मांडीवर पडलेला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. तिने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. त्यात शब्द नव्हता.

अर्ध्या तासात दवाखान्यात पोचलो. मेंदूला झटका. बायकांचा वॉर्ड, खाट नंबर नऊ. दर गुरुवारी मी ज्या दारात उभा राहून माणसं मोजायचो, त्याच दारातून स्ट्रेचर आत गेलं. मला काही वाटलं नाही. वॉर्डात बारा खाटा, चार पंखे, त्यातला एक बंद, हे मात्र मी मोजलं.

तीन दिवस सलाईनवर गेले. तोंडाने काही द्यायचं नाही, घशाची गिळण्याची ताकद गेली असेल तर घास श्वासाच्या नळीत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बुधवारी संध्याकाळी ते म्हणाले, “उद्या दुपारी अडीचला मी येतो. माझ्यासमोर तोंडाने थोडं देऊन बघू. गिळता आलं तर इथेच ठेवू. नाही आलं, तर नाकातून नळी घालून मोठ्या हॉस्पिटलला पाठवावं लागेल. कागद तयार करून ठेवतो.”

नळी हा शब्द आमच्या घरात नवा नव्हता. बायकोचं माहेर रोह्याचं. तिच्या आईला असाच झटका आला होता आणि ती चार महिने नळीवर होती. बायको तिकडेच राहिली होती. दिवसातून सहा वेळा, दर वेळी दोनशे मिली. तक्ता मीच करून दिला होता. आई गेल्यावर दिवस-कार्य उरकून आम्ही एसटीने पेणला परतत होतो. नागोठण्याच्या पुढे ती म्हणाली, “अहो, मला कधी नळी लावू देऊ नका.”

“बरं,” मी म्हणालो.

“बरं नको. हो म्हणा.”

“हो.”

बुधवारी डॉक्टर गेल्यावर मला ते आठवलं. डॉक्टरांना त्यातलं काही सांगितलं नाही. त्या ‘हो’चा माझ्याकडे कसलाही कागद नव्हता.

सिस्टरने विचारलं, “उद्या गुरुवार ना? मग प्रश्नच नाही. पाणी नको, पातळ घशात पटकन जातं. तुमचा गुरगुट्या भात असतो तो चालेल. चांगला घोटून, गाळून आणा. मीठ-मसाला नको.”

“भातात नसतंच, मीठ आम्ही वरणातच घालतो,” मी म्हणालो.

“मग झालंच.”

बायकोची मठात न्यायची कापडी पिशवी मी मंगळवारी घरून आणली होती. त्यात तिचा टॉवेल, कंगवा, गाऊन भरले होते. भरताना पिशवीच्या तळाशी एक स्टीलची छोटी डबी सापडली. घट्ट झाकणाची, आत मूठभर कोरे तांदूळ. अक्षता असतील म्हणून मी ती परत ठेवली. नंतर लक्षात आलं, अक्षतांना कुंकू लागलेलं असतं. हे तांदूळ पांढरे होते. पण त्या दिवशी असल्या गोष्टींचा पुढे विचार होत नव्हता. डबी पिशवीतच राहिली.

गुरुवारी सकाळी नऊला काकींचा फोन आला.

“भाऊ, आज तुमी आकड्याचं राहू द्या. मी करते अंदाजानं.”

“अंदाजाने नको. दहा मिनिटांत सांगतो.”

“बाईंसाठी आदी काढून ठेवू का?”

“रांगेच्या आधी नको. चार चमचे तर लागणार आहेत. पातेल्याला चिकटलेलं निघतं तेवढं.”

मी पेन्सिल घेऊन निघालो. पुरुषांच्या वॉर्डात चौदा माणसं. मुलांच्या वॉर्डात सहा. बाळंतिणींकडे अकरा. शेवटी बायकांचा वॉर्ड. दारात उभं राहून मी एकेक खाट पाहत गेलो. आठव्या खाटेजवळ जोह्याचा एक मूर्तिकामगार बसला होता, नखांत रंग तसाच. नवव्या खाटेजवळचं स्टूल रिकामं होतं. दहाव्या खाटेजवळ सासू-सून. एकूण दहा. चौदा, सहा, अकरा आणि दहा, एक्केचाळीस.

मी काकींना फोन केला. “एक्केचाळीस.”

“नक्की ना?”

“नक्की.”

साडेबाराला रिक्षातून पातेली आली. दवाखान्याच्या मागच्या बाजूला, जिन्याजवळ पत्र्याची शेड आहे, तिथे वाढप चालतं. मी भात वाढत होतो, काकी वरण. आज मला गाडी पकडायची नव्हती, म्हणून नऊ वर्षांत पहिल्यांदा मी रांगेच्या शेवटापर्यंत थांबणार होतो. प्रत्येक ताटाला मी मनात आकडा म्हणत होतो. भातावर लक्ष होतं, कारण त्यातले चार चमचे वर न्यायचे होते.

एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळिसावं ताट गडबच्या एका निवृत्त कंडक्टरचं होतं. त्याचा भाऊ पुरुषांच्या वॉर्डात होता. मी पातेलं कलंडून त्याला वाढलं आणि पळी तळाला लागली. खर्र असा आवाज झाला. खाली करपलेली खरवड होती, तपकिरी, नखाएवढी.

रांगेत आणखी कुणी नव्हतं. आकडा बरोबर आला होता.

कंडक्टर बाकावर बसून भात कालवत होता. दोन घास खाऊन त्याने विचारलं, “भाऊ, तुमचं ताट?”

“मी जेवत नाही इथे.”

“का? तुमचं पन पेशंट हाय ना वर?”

“आहे. नऊ नंबर.”

“मंग तुमाला कोन मोजनार?” तो हसला. “आमचं बरं होतं बगा. गाडीतली शिटं मोजताना कंडक्टर सोताला मोजत नाय. पन कोलाडला गाडी थांबली की हाटेलात पयलं ताट कंडक्टरचं!”

काकी हसल्या. मी रिकाम्या पातेल्याकडे पाहत होतो. नवव्या खाटेजवळचं स्टूल रिकामं का होतं, ते मला तेव्हा कळलं. त्या स्टुलावर बसणारा माणूस दारात उभा राहून मोजत होता.

“काकी,” मी म्हणालो, “तिच्यासाठी काही निघेल का यातून?”

काकींनी पातेलं वाकडं करून पाहिलं. “करपलेलं हाय भाऊ. हे नाय देता येनार.”

कंडक्टरने ताट पुढे केलं. मग स्वतःच मागे घेतलं. “उष्टं झालं ओ. वरन कालवलेलं. पेशंटला नाय चालनार. आदी बोललात नाय ना.” त्याने पुढचा घास बराच वेळ घेतला नाही.

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मठात जाऊन, भात शिजवून, परत यायला किती लागेल ते मी मांडत होतो. रिक्षा निघून गेली होती. जायला पंधरा मिनिटं, शिजायला पाऊण तास, यायला पंधरा. वाटेत फाटक लागलं तर वेगळं. एवढ्यात जिन्याखालून सफाईचं काम करणाऱ्या मावशी आल्या. हातात त्यांचा दोन कप्प्यांचा डबा. त्या सगळ्या वॉर्डांतून फरशी पुसत फिरतात. नऊ वर्षं मी त्यांना बादलीसकट पाहिलेलं होतं, डब्यासकट कधी पाहिलेलं नव्हतं.

त्यांनी डबा काकींपुढे धरला. मग मला पाहून जरा मागे घेतला.

“संपलं,” मी म्हणालो.

“वाढलं म्हना भाऊ,” काकी हळूच म्हणाल्या.

“वाढलं,” मी म्हणालो. स्टोअरला मी हा शब्द कमी पडलेल्या मालासाठी वापरला तर मला कामावरून काढतील. पण म्हणालो.

मावशींना ते समजलं नसावं. “माझं नाय ठेवलं? कदी असं होत नाय. बाई माझं काढून ठेवतात.” मग त्यांना आठवलं. “आता बाईच नाय ना. चुकलंच माझं. सवयीनं आले बगा.”

“बाई काढून ठेवते?” मी विचारलं. “कुठून काढते? भात मोजून शिजतो.”

मावशींनी काकींकडे पाहिलं. काकींनी पदराने हात पुसले.

“भाऊ,” काकी म्हणाल्या, “बाई एक मूठ तांदूळ घरनं आनायच्या. तुमच्या वजनाच्या तांदळात नंतर मिसळायच्या.”

“कधीपासून?”

“तुमी पान काढलंत तवापासनं.”

“घरून का?”

“मठाच्या तांदळातनं घेतलं आसतं तर तुमच्या वहीत फरक दिसला आसता. मंग तुमाला झोप लागायची नाय, म्हनायच्या.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तुमी इचारायचात उरलं का. नाय म्हनायच्या. कमी पडलं का. नाय म्हनायच्या. खोटं कुठं बोलल्या? तिसरं तुमी कदी इचारलंच नाय.”

नऊ गुणिले बावन्न म्हणजे चारशे अडुसष्ट. चारशे अडुसष्ट मुठी. मूठ किती ग्रॅमची ते मला माहीत नव्हतं, म्हणून तिथेच थांबलो.

“कशात आणायची?” मी विचारलं.

“स्टीलची डबी व्हती बारकी. घट्ट झाकनाची.”

मी वर गेलो. बायको डोळे मिटून होती. पिशवी खाटेखाली होती. टॉवेल, गाऊन, कंगवा बाजूला केला. डबी तळाशी होती. झटक्याआधीच भरून ठेवली असणार, कारण सोमवारनंतर तिला काही भरता आलं नव्हतं.

खाली आलो तेव्हा काकी मठात निघायच्या तयारीत होत्या. मावशी म्हणाल्या, “कशाला जाता एवढ्या लांब? वर बाळंतिनींच्या बाजूला पानी तापवायची शेगडी हाय. सिस्टरला मी सांगते. पातेलं माझं हाय, घासलेलं.”

त्या खोलीत एक शेगडी, एक ओटा आणि एक खिडकी होती. काकींनी तांदूळ धुतले, दोनदा. “पानी किती घालू, भाऊ?” असं त्यांनी सवयीने विचारलं. वजन नव्हतं, माप नव्हतं. मी म्हणालो, “तुम्हीच बघा.” त्यांनी बोटाची दोन पेरं बुडतील त्याच्याही वर पाणी घातलं आणि गॅस बारीक केला.

एक वीसला पातेलं चढलं. मी खिडकीशी उभा होतो. खाली हातपंप होता, त्याच्यावर एक कावळा. मावशी मध्येच येऊन ढवळून जायच्या आणि पुन्हा फरशीकडे जायच्या. काकी एकदा म्हणाल्या, “तुमी बसा तरी.” मी बसलो. मग पुन्हा उभा राहिलो. मला ना रडू येत होतं, ना राग येत होता. दर दोन मिनिटांनी मी घड्याळ पाहत होतो, एवढंच.

दोन वाजून पाच मिनिटांनी दाणा बोटाने मोडला. काकींनी पळीच्या पाठीने भात घोटला, चहाच्या नव्या गाळणीतून दाबून काढला. गाळणी एका बाळंतिणीच्या आईने दिली होती. वाटीभर पांढरं, दाट, लापशीसारखं झालं. पातेल्यात त्याच्यापेक्षा जास्त, न गाळलेला भात उरला.

अडीचला डॉक्टर आले. त्यांच्या हातात आदल्या दिवशीचे कागद होते. सिस्टरने खाट वर केली, बायकोला सरळ बसवलं, पाठीला उशा लावल्या. “काकू, हनुवटी खाली. छातीकडे बघा. हं.” मला सिस्टरने पायथ्याशी उभं केलं.

पहिला चमचा आत गेला. थोडं उजव्या कोपऱ्यातून बाहेर आलं. सिस्टरने पुसलं. “गिळा काकू. सावकाश. गिळा.” काही झालं नाही. मी तिच्या गळ्याकडे पाहत होतो. सत्तावीस वर्षं संसार केला, पण माणसाचा गळा गिळताना वर जातो आणि खाली येतो, हे मी त्याआधी नीट पाहिलेलं नव्हतं. मग तो हलला. वर गेला, थांबला, खाली आला.

“खोकला?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही सर.”

“थांबा. अजून एक.”

दुसऱ्या चमच्याला कमी वेळ लागला. तिसरा तोंडात राहिला आणि तिने डोळे उघडले. तिने वाटीकडे पाहिलं. मग खाटेच्या कडेला पाहिलं, जिथे सिस्टरने ती रिकामी डबी ठेवली होती. मग माझ्याकडे. तिला काय कळलं ते मला सांगता येणार नाही. गळा हलला.

“काकू, ‘आ’ म्हणा. मोठ्याने,” डॉक्टर म्हणाले.

“आ,” ती म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदा आवाज निघाला. घोगरा होता.

डॉक्टरांनी कान देऊन ऐकलं. “आवाज ओला वाटत नाही, म्हणजे घशात काही अडकलेलं नाही. बस. आज एवढंच. संध्याकाळी पुन्हा तीन चमचे. नळी नको सध्या.” त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

‘सध्या’ हा शब्द मी ऐकला. पण कागद खिशात गेला, हेही पाहिलं.

सगळे गेल्यावर मावशी दारात आल्या. डबा आणला नव्हता. मीच शेगडीजवळून पातेलं आणलं आणि म्हणालो, “मावशी, डबा आणा. हे तुमचं.”

“बाईंनी खाल्लं?”

“तीन चमचे.”

“मंग तुमी घ्या हे.”

“मला नको. भूक नाही.”

मावशी जाऊन डबा घेऊन आल्या. मी त्यात भात घातला. त्यांनी डबा बंद केला नाही, माझ्यापुढे धरला.

“वाढनाऱ्यानं चार घास खायाचे असतात. बाई खायाच्या. खाली जिन्यापाशी बसायचो आमी दोगी. आदी त्यांचे चार घास, मंग डबा माझ्या हातात.”

“याच डब्यातून?”

“मंग कशातनं? ताटं तर समदी गेलेली असायची.”

मी नवव्या खाटेजवळच्या स्टुलावर बसलो. त्या दिवसात पहिल्यांदा. डबा मांडीवर घेतला. बायको उशीला टेकून माझ्याकडे पाहत होती. भात कोमट होता आणि अळणी होता, त्यात वरण नव्हतं, लोणचं नव्हतं. मी चार घास खाल्ले आणि डबा मावशींच्या हातात दिला. त्या तिथेच, दाराच्या उंबऱ्याशी टेकल्या आणि उरलेलं खाऊ लागल्या.

नळी लागली नाही. तीन चमच्यांचे सहा झाले, मग वाटी झाली. पंधरा दिवसांनी आम्ही घरी आलो. ती डाव्या हाताने जेवते. बोलणं अजून नाही, थोडे आवाज आहेत.

वही मी त्याच संध्याकाळी उघडली होती. जेवले किती, या रकान्यात आधी सवयीने एक्केचाळीस लिहिलं. ते खोडून चव्वेचाळीस केलं: बायको, मावशी आणि मी. शिजवला किती माणसांचा, त्या रकान्यात काय लिहायचं ते ठरवता आलं नाही. तो गुरुवार वहीत अजून तसाच आहे, अर्धा भरलेला.